भानूबाईच्या कपाळावरचं डांबर

कंपाउंडरचं निम्मं काम हाताचं आणि निम्मं तोंड बंद ठेवण्याचं. हाताचं काम मला सहा महिन्यांत जमलं. तोंडाचं जमायला एका बाईचं कपाळ भाजावं लागलं. ही हकिकत मी घरातसुद्धा कधी पुरी सांगितलेली नाही. आता आमचे डॉक्टरसाहेब नाहीत, भानूबाई नाही, आणि माझ्या तोंडातले बरेचसे दातही राजीनामा देऊन गेले आहेत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

पालघरला स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर गद्रे डॉक्टरांचा दवाखाना होता. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. साहेब आत तपासत, बाहेर बाकावर पेशंट, आणि मधे एक जाळीची खिडकी. त्या खिडकीमागे मी. हल्ली गोळ्या चकचकीत पाकिटातून येतात. त्या काळी साहेब चिठ्ठी लिहायचे आणि औषध आम्ही बनवायचं. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी डकवायची, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही एक वेळचा डोस कळतो. मलम करायचं ते पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर, लोखंडी पात्यानं घोटून. पावडरीचा एक खडा जरी फुटायचा राहिला तरी तो नेमका दुखऱ्या जागी जाऊन कातडी खातो. माझ्या मलमात खडा राहत नसे. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं आणि कातडीच्या तक्रारी वाढल्या. देशभरातून माणसं आली, बोईसरला खोल्या करून राहिली. सिमेंट, घाम, खारा वारा. एक वेल्डर यायचा, डोक्यावर हेल्मेट दाबून बसवलेलं. मला म्हणाला, "कंपाउंडर साब, रूसी बहुत हो गयी है, कोई बढ़िया साबुन दे दो." हेल्मेट काढलं तर केस जिथे सुरू होतात त्या रेषेवर, या कानापासून त्या कानापर्यंत, लाल पट्टा आणि त्यावर पांढरे पापुद्रे. मी बढाईनं साबणाचं नाव सांगणार तेवढ्यात साहेबांनी आतून हाक मारली आणि माझं थोबाड वाचलं. तो कोंडा नव्हताच.

हे कसं ओळखायचं ते साहेबांनी मला त्या वेल्डरच्या डोक्यावर शिकवलं. केसांच्या रेषेवर पापुद्रे दिसले की चार संशय घ्यायचे. कोंडा असेल तर पापुद्रा पिवळट, तेलकट आणि सहज सुटणारा. गजकर्ण असेल तर गोल कडं, आणि केस मधूनच तुटलेले. महारोगाचा चट्टा असेल तर त्याला स्पर्श कळत नाही. आणि चौथा हा सोरायसिस. पापुद्रा जाड, कोरडा, चंदेरी, एकावर एक बसलेला. काचेच्या पट्टीच्या कडेनं हलकेच खरवडलं तर मेणबत्ती किसल्यासारखा भुगा पडतो, आणखी खरवडलं तर खालून टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके येतात. मग कोपर, गुडघे आणि नखं बघायची. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखे खळगे दिसले की संशय फिटला. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण एक खोड त्याला आहे. जिथे कातडीला इजा होते, घासतं, भाजतं, तिथेच तो उगवतो. वेल्डरला साहेबांनी हेल्मेटच्या चामड्याच्या पट्ट्याखाली मऊ कापड लावायला सांगितलं आणि मला काळं मलम करायला सांगितलं.

काळं मलम म्हणजे दगडी कोळशाचं डांबर, औषधासाठी मिळतं ते, अगदी थोडं. त्यात पापुद्रे सोडवणारी पांढरी पावडर, आणि बाकी सगळं व्हॅसलीन. वासानं दवाखाना भरून जायचा. साहेबांची सक्त ताकीद होती, पेशंटला औषध कसं लावायचं ते सांग, त्यात काय आहे ते सांगायचं नाही. मला वाटायचं, साहेबांना आपली विद्या लपवायची आहे. इतका मी शहाणा होतो.

त्या वर्षी ज्येष्ठ सरता सरता, होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्यावर, मुरबे या कोळ्यांच्या गावच्या तीन बायका दवाखान्यात आल्या. पुढे गोदूबाई. साठीची, धिप्पाड, आवाज असा की खाडीपलीकडचा तरवाला होडी थांबवील. मागे तिशीची एक बाई, पदर कपाळाखाली ओढलेला. ती भानूबाई. तिसरी भानूबाईची सासू, ती बाकावर सुनेपासून दोन हात लांब बसली. मासळी विकणारी बाई कधी कपाळाखाली पदर ओढत नाही. काहीतरी बिनसलंय हे मी खिडकीतूनच ओळखलं.

बोलली ती गोदूबाई. मुरब्याच्या सोळा बायका बोईसरच्या बाजारात एका ओळीत बसत. तारापूरच्या कामामुळे तिथे गिऱ्हाईक उदंड झालं होतं. शेवटच्या बाजारात केंद्राच्या कॉलनीतली एक बाई वाकून पापलेट निवडत होती. भानूबाईनं कपाळ खाजवलं आणि केसांतून पांढरे पापुद्रे पापलेटावर पडले. बाईनं मासळी टाकली आणि हिला महारोग आहे म्हणून बाजारभर केलं. त्या दिवशी सोळाही जणींच्या पाट्या भरल्या तशा परत आल्या.

"एकीच्या डोक्यापायी पंधरा जणींच्या चुली इझवू काय, डाक्तर?" गोदूबाई म्हणाली. "नारळी पुनवेनंतर बाजार लागंल. ओळीतल्या जागा मी वाटते. हिला बशीवायची का नाय ते आज सांगा."

भानूबाईचा नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. घर चालायचं ते हिच्या पाटीवर. ओळीतली जागा गेली की पाटी गेली. आणि महारोग ठरला तर घरही गेलंच, कारण सासूनं आधीच तिचं ताट वेगळं केलं होतं आणि दोन वर्षांची मुलगी आपल्या अंथरुणात घेतली होती. हे गोदूबाईनंच सांगितलं, सासूच्या तोंडावर. सासू जमिनीकडे बघत राहिली.

साहेबांनी भानूबाईला खुर्चीवर बसवलं आणि दार उघडंच ठेवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. मला कापूस आणायला सांगितला. "डोळे मिटा, बाई. कापूस जिथे लागेल तिथे बोट लावून दाखवा." कापसाचा धागा कपाळावर टेकला. भानूबाईचं बोट हललं नाही. साहेब थांबले. पुन्हा टेकवला. पुन्हा काही नाही. गोदूबाईनं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला.  साहेबांनी खाली वाकून पाहिलं, आणि जाड पापुद्रा बोटानं हलकेच सोडवून त्याखालच्या लाल कातडीवर कापूस टेकवला. भानूबाईचं बोट लगेच तिथे गेलं. मग दुसरीकडे, कानामागे, गालावर. दर वेळी बोट बरोबर जागेवर. मग गरम पाण्याची आणि गार पाण्याची नळी. गरम कोणतं, गार कोणतं, एकदाही चुकली नाही. काचेच्या पट्टीनं खरवडल्यावर चंदेरी भुगा पडला, ठिपके आले. कोपरांवर तसेच चट्टे होते, ते तिनं चोळीच्या बाहीत लपवले होते.

"हा महारोग नाही," साहेब म्हणाले. "लागतही नाही. हिच्या ताटात जेवलात तरी लागत नाही." शेवटचं वाक्य सासूकडे बघून होतं.

भानूबाई रडायला लागली. साहेबांनी तसं कागदावर लिहून सही केली आणि गोदूबाईपुढे धरलं. गोदूबाईनं तो घेतला नाही. "मी मानलं तुमचं," ती म्हणाली. "पन गिऱ्हाईक कागद वाचत नाय, डोकं बघते. पुनवेपोतर कपाळ साफ करा. मग बशीवते."

पुनवेला सात आठवडे होते. साहेबांनी भानूबाईला विचारलं, पाटी कशी उचलता. तिनं पिशवीतून फडकं काढून दाखवलं. मासळीचं पाणी तोंडावर ओघळू नये म्हणून कपाळावरून घट्ट फडकं बांधायचं, त्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. साहेबांनी फडकं तिच्या डोक्याला बांधून पाहिलं. फडक्याची कड आणि चट्ट्याची कड तंतोतंत एक. हेल्मेटचा पट्टा आणि हे फडकं, प्रकार एकच.

"हे बंद. डोक्यावर काहीही ठेवायचं नाही."

"मग पाटी कशावर नेऊ?" भानूबाई म्हणाली.

 साहेबांनी मलमाची चिठ्ठी लिहिली.

दहा दिवसांचा डबा मी भरून द्यायचो. संध्याकाळी लावायचं, जुनं फडकं सैल गुंडाळायचं, सकाळी धुवायचं, आणि लावलेल्या जागी ऊन लागू द्यायचं नाही. भानूबाई दर दहा दिवसांनी खाडी उतरून सातपाटीला यायची आणि तिथून यष्टीनं पालघरला. दुसऱ्या खेपेला पापुद्रे मऊ झाले होते. तिसऱ्या खेपेला कपाळ दिसायला लागलं. साहेब खूश होते आणि मी तर हवेतच होतो, जसं काही मीच तिला बरं करत होतो. त्या दिवशी बरोबर सासूही आली होती आणि बाकावर सुनेपासून एकच हात लांब बसली होती.

मी खिडकीतून डबा दिला. भानूबाईनं झाकण काढून वास घेतला. "कंपांडर, ह्यात काय हाय? वास वळखीचा वाटतो."

बाकावर आठ-दहा माणसं होती. माझ्या जिभेला हाड नाही, आणि ऐकायला माणसं असली की तिला पंख फुटतात. मी म्हटलं, "ओळखलं नाही? तुमच्या होडीला फासता तेच डांबर. साहेबांनी इंग्रजी नाव दिलंय, एवढंच."

सगळा बाक हसला. सासूही हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं आणि माझी मलाच शाबासकी वाटली.

पुढच्या खेपेच्या दिवशी भानूबाई आली नाही. पावसानं झोडपायला सुरुवात केली होती, खाडीला ओढ होती, माणसं पलीकडे नेणारी तरीची होडी बंद असल्याचं सातपाटीहून येणारे सांगत होते. पाऊस उघडला, दोन दिवस कडक ऊन पडलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडतोय तोच सासू तिला धरून घेऊन आली. भानूबाईच्या डोक्यावर ओलं फडकं होतं. सासूनं ते काढलं आणि बाकावरची माणसं उठून लांब झाली.

कपाळ काळं आणि सुजलेलं होतं. पुढचे केस डांबरात चिकटून त्यांचं एक कवच झालं होतं. कडेनं फोड आले होते. उजव्या डोळ्यापर्यंत काळा ओघळ, आणि दोन्ही डोळे सुजून मिटलेले.

डबा संपला होता, तरीची होडी बंद होती. अंगणात मालकाच्या होडीला लावायच्या डांबराचं भांडं तयारच होतं, पुनवेआधी सगळे लावतात तसं. पातळ व्हावं म्हणून रॉकेल घालून कोमट केलेलं. पुनवेला दहा दिवस राहिले होते आणि थोडेच पापुद्रे उरले होते. सासूनं आपल्या हातानं ते सुनेच्या केसांच्या रेषेवर फासलं, भरपूर, लवकर गुण यावा म्हणून. वर फडकं घट्ट आवळलं. दुसऱ्या दिवशी उघाडीत भानूबाई तशीच उन्हात बसून सुकट निवडत राहिली. डांबर लावलेल्या कातडीला ऊन दुप्पट भाजतं.

"डोळा आधी," साहेब म्हणाले. मी बोरिकचं पाणी केलं. साहेबांनी पापणी उघडून धुतली, पुन्हा धुतली, बॅटरी मारून पाहिलं. भानूबाईला उजेड दिसला. बुबुळ वाचलं होतं. 

पुढचं काम माझं. वाळलेलं डांबर ओढून काढलं तर कातडी बरोबर येते. रॉकेल लावलं तर भाजलेल्यावर आणखी भाजतं. त्याला एकच उपाय, खोबरेल आणि व्हॅसलीन लावून मऊ करायचं आणि कापसानं टिपून घ्यायचं. थोडं थोडं. मी तिच्यामागे स्टुलावर बसलो, तिचं डोकं माझ्या दोन्ही हातांत. पुढचे केस कापावे लागले. तीन तास मी कापूस बदलत होतो. ती कण्हत होती, पण डोकं हलवत नव्हती.

साहेबांनी विचारलं, "हे लावायला कोणी सांगितलं?"

सासू कोपऱ्यात उभी होती. "मीच लावलं," ती म्हणाली. "माज्या हातानं."

"लावलंत तुम्ही. पण सुचवलं कोणी? औषधात डांबर असतं हे तुम्हाला कसं ठाऊक?"

माझा हात थांबला. भानूबाईचे डोळे मिटलेले होते, पण माझा हात थांबलेला तिला डोक्याला कळला असणारच. सासूनं तोंड उघडलं, त्याआधी भानूबाई म्हणाली, "कोनी नाय सांगितलं, डाक्तर. घरात व्हतं, लावलं."

  मी कापूस बदलला आणि पुढचं टिपायला घेतलं. तिनं मला वाचवलं आणि मी स्वतःला वाचवू दिलं. आजही कधी हाताला खोबरेल लागलं की मला तो क्षण आठवतो आणि स्वतःची लाज वाटते.

भानूबाई पालघरला कोणा ओळखीच्यांच्या पडवीत राहिली आणि रोज पट्टी बदलायला येऊ लागली. सासू परत गेली, पोरीला सांभाळायला. साहेबांना आता वेगळीच धास्ती होती. इजा झाली तिथे हा रोग उगवतो. भाजलेली कातडी भरून येताना तिच्यातून पापुद्रेच वर आले, तर पहिल्यापेक्षा मोठा पट्टा दिसणार. रोज पट्टी सुटली की आम्ही दोघं वाकून बघायचो. मी एकदा भीत भीत म्हटलं, "साहेब, त्या नव्या गोळ्या आल्यात म्हणतात. आठवड्यात साफ होतं."

"होतं," साहेब म्हणाले. "पुनवेला कपाळ आरशासारखं. गोळ्या थांबल्या की दसऱ्याला सगळ्या अंगावर. तुला घाई झालीय, दत्ताराम. तुला कसली घाई?"

मी जुनी पट्टी गुंडाळायला घेतली.

चौथ्या दिवशी मुरब्याहून निरोप आला. भानूबाईनं तो मला पट्टी सोडता सोडता सांगितला. सासूनं अन्न सोडलं होतं. 'मी सुनेला भाजलं' असं म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. "तिला कोन समजावंल?" भानूबाई म्हणाली. माझं नाव तिनं तेव्हाही घेतलं नाही.

संध्याकाळी दवाखाना बंद करताना मी साहेबांना सांगितलं. होडीचं डांबर, बाक, सगळ्यांचं हसणं, सगळं. साहेबांनी चष्मा पुसला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ते म्हणाले. "असलं वाक्य माझ्या दवाखान्यात एकच माणूस बोलतो. मी वाट बघत होतो." मग म्हणाले, "उद्या सुट्टी. मुरब्याला जा. म्हातारीला सांगून ये."

दुसऱ्या दिवशी मी सातपाटीहून खाडी उतरलो. मुरब्यात घर शोधायला लागलं नाही, पालघरचा कंपाउंडर आलाय ही बातमी माझ्याआधी पोचली होती. अंगणात गोदूबाई आणि ओळीतल्या चार-पाच बायका येऊन बसल्याच होत्या. ओट्याला टेकवलेलं डांबराचं भांडं तसंच होतं. म्हातारी आत पडली होती. मी दारात बसलो आणि म्हटलं, "आजी, चूक तुमची नाही. माझी. होडीचं डांबर तेच औषध, असं मी सांगितलं. चेष्टेत सांगितलं, पण सांगितलं मीच. तुम्ही ऐकलंत, तुमचा काय दोष?"

 म्हातारी उठून बसली.

"डांबराचं तू सांगितलंस," ती म्हणाली. "मी तिचं ताट येगळं ठेवलं. पोर तिच्यापासून तोडली. ते बी तूच सांगितलं व्हतंस?"

 माझ्याजवळ बोलायला काही नाही असं आयुष्यात क्वचित झालंय, त्यातली ही पहिली वेळ.

"तर मग," ती म्हणाली. "तुजं तुज्यापाशी ठेव. माजं माज्यापाशी राहू दे." आणि तिनं पाण्याचा तांब्या मागितला. नंतर पेज घेतली. मी बघत बसलो आणि मला रडू आलं.

बाहेर आलो तर गोदूबाई माझी वाट बघत होती. म्हणाली, "कपाळ भाजलं, आता पुनवेला काय साफ व्हनार. जागा दुसरीला देते."

तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे, मी दोन्ही हात तिच्यापुढे पसरले. "गोदूबाई, तीन तास मी भानूबाईचं डोकं हातात धरलंय, हातात मोजा नाही. रोज पट्टी बदलतो. साहेबही हात लावतात. त्या वेल्डरचं डोकं तर मी वर्षभर हाताळतोय. बघा माझे हात. लागायचं असतं तर सगळ्यांत आधी मला लागलं असतं."

गोदूबाईनं माझे हात धरले आणि मासळी ताजी आहे का बघावं तसे उलटून पालटून पाहिले. बोटांच्या बेचक्यात पाहिलं. नखं पाहिली. बाकीच्या बायकाही जवळ आल्या. एकीनं माझं मनगट वळवून कोपरापर्यंत बाही वर केली.

"हात चांगले हायत," गोदूबाई म्हणाली. "जिभेचं काय करू?" मग म्हणाली, "पहिल्या बाजाराला मी जागा मोकळी ठेवीन. बाजार अर्धा होईपोतर. तवर पाटी घेऊन आली तर तिची. नाय आली तर दुसरीची. नेम म्हंजे नेम."

पुनवेपर्यंत फोड सुकले, कपाळावर गुलाबी नवी कातडी आली. आणि डाव्या बाजूला, केसांच्या रेषेवर, अंगठ्याएवढ्या जागेत पापुद्रे पुन्हा उगवले. साहेबांची धास्ती तेवढ्यापुरती खरी ठरली. ते भानूबाईला म्हणाले, "हा पाहुणा कायमचा जाणार नाही, बाई. याला ओटीवर बसवून ठेवायचं, घरात पसरू द्यायचं नाही. आणि डोक्यावर पाटी नको." ती हो म्हणाली आणि मुरब्याला गेली.

पहिल्या बाजाराला मी सुट्टी मागण्याआधीच साहेबांनी मला बोईसरला पाठवलं, मासळी आणायला म्हणून. साहेब शाकाहारी होते.

ओळ बसली होती. मधे एक जागा मोकळी, तिच्यावर गोदूबाईनं आपलं पायपुसणं टाकून ठेवलेलं. केंद्राच्या कामावरची माणसं, कॉलनीतल्या बायका, गर्दी वाढत होती. पलीकडे एक तरुण बाई भरली पाटी कमरेशी घेऊन त्या मोकळ्या जागेकडे बघत उभी होती. मी रस्त्याकडे बघत होतो. मुरब्याची बैलगाडी येऊन गेली, त्यात भानूबाई नव्हती. यष्टी आली, तिच्यातही नव्हती. गोदूबाईनं एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पायपुसणं उचलायला हात पुढे केला.

तेवढ्यात वळणावर म्हातारी दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरली पाटी, मान ताठ, एक हात कमरेवर. पाटी सोडून तिला दहा वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं. मागून भानूबाई, कडेवर मुलगी, पदर खांद्यावर. कपाळ उघडं. पुढचे कापलेले केस अजून खुरटेच, गुलाबी कातडी आणि तो अंगठ्याएवढा चट्टा, सगळं दिवसाढवळ्या दिसत होतं. म्हातारीनं पाटी उतरवली, स्वतः मागे दगडावर बसली आणि भानूबाई जागेवर बसली. गोदूबाईनं पायपुसणं झटकून घेतलं.

थोड्या वेळानं कॉलनीतली एक बाई समोर येऊन उभी राहिली. ओळीतल्या बायका गप्प झाल्या त्यावरून मी ओळखलं, ही तीच. तिनं मासळीकडे पाहिलं, मग कपाळाकडे.

"कपाळाला काय झालं?"

"भाजलं," भानूबाई म्हणाली. "हा बाजूचा चट्टा जुना हाय. कातडीचा रोग हाय, लागत नाय कोनाला. पालघरच्या डाक्तरचं मलम लावते."

"मलम? काय असतं त्यात?"

भानूबाईनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "ते ह्ये कंपांडर हायत. त्यांना इचारा."

अख्खी ओळ माझ्याकडे वळली. म्हातारीसुद्धा. माझ्या जिभेवर चार वाक्यं येऊन बसली होती, एकाहून एक चांगली.

"मलम आहे," मी म्हटलं. "संध्याकाळी लावायचं आणि सकाळी धुवायचं."

पहिली हसली ती गोदूबाई, मग भानूबाई. कॉलनीतल्या बाईला काही कळलं नाही. ती मलम बनवणाऱ्या माझ्या हातांकडे, मग भानूबाईच्या कपाळाकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग खाली वाकली, पापलेटाचा कल्ला उघडून पाहिला आणि भाव विचारला.